खुर्जी, मोटारसायकलीची
मोटारसायकलीच्या मागील चाकाच्या दोन्ही अंगांस सामान वाहण्यासाठी जोडीने बसविलेल्या पिशव्या किंवा पेट्या. इंग्रजीत त्यांना सॅडलबॅग वा पॅनिअर म्हणतात. पहिले नाव घोड्याच्या खोगिरावरून, तर दुसरे पावाच्या टोपलीसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून फ्रेंचमार्गे आलेले आहे. जनावराच्या पाठीवर आडव्या टाकावयाच्या दोन कप्प्यांच्या पिशवीला मराठीत खुर्जी हा फार्सी मुळाचा शब्द जुना आहे. माणसाने खांद्यावर टाकावयाची तशीच पिशवी म्हणजे पडशी. प्रस्तुत नोंदीत यंत्रावरील पिशवीसही खुर्जी हेच नाव योजले आहे. मात्र नाव व आकार जनावराकडून आलेला असला, तरी जनावराच्या अनुभवाचा एक भाग यंत्राबरोबर आलेला नाही आणि या साधनाचा बराचसा इतिहास ती उणीव भरून काढण्याचा आहे.

ओझे दोन्ही अंगांस सारखे वाटून जनावरावर लादण्याची पद्धत अतिप्राचीन आहे. दख्खनमध्ये फौजांना धान्य पुरविणारे वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोणी लादून चालत. गोणीचे एक अंग जड झाले, तर ती घसरते, पाठ सोलवटते आणि बैल चालण्याचे नाकारतो. घोड्याच्या बाबतीत खोगिरामागील ओझे कमरेच्या नाजूक भागावर येत असल्याने ते हलकेच ठेवावे लागे. अमेरिकेतील पोनी एक्सप्रेस या टपालसेवेने (३ एप्रिल १८६० ते ऑक्टोबर १८६१) तर कमरेवरचे हे ओझेच टाळले. मिसूरीतील सेंट जोसेफ ते कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो या सु. ३,१०० किमी. च्या मार्गावर मोचीला नावाचे चामड्याचे आच्छादन सबंध खोगिरावर टाकीत. त्याला चार कप्पे असून पैकी तीन कुलूपबंद असत. टपालाचे वजन सु. ९ किग्रॅ. पर्यंत मर्यादित असे. मोचीलास बंद वा बकला नव्हत्या. ते स्वाराच्याच वजनाने जागी राही आणि घोडा बदलताना उचलून दुसऱ्या घोड्यावर टाकता येई. बैठकीवर आडवी टाकून बसणाऱ्याच्या भाराखाली दाबून धरलेली आजची कापडी खुर्जी तत्त्वतः याच जातीची होय.

जर्मनीत गोटलीप डाइमलर व व्हिल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये बनविलेल्या लाकडी सांगाड्याच्या गाडीस खोगिरासारखीच बैठक होती. तिच्याखाली ज्वलननलिका तापविणारा दिवा असल्याने बैठक पेटल्याची हकीगत सांगतात; ती खरी असो वा नसो, बैठकीच्या आसपास उष्णता असते ही गोष्ट पुढे पिशव्या बसविणाऱ्यांना वारंवार आठवावी लागली. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मोटारसायकलींवर सामान म्हणजे मुख्यतः हत्यारे व टायरच्या दुरुस्तीचे साहित्य. ते मागील जाळीच्या दोहो बाजूंस लहान चर्मपेट्यांत मावे. अधिक सामान न्यावयाचे तर यूरोपात साइडकार जोडीत. अमेरिकेत स्वस्त मोटारगाड्या आल्यावर साइडकारचे महत्त्व घटले, पण पोलीस व लांब पल्ल्याचे स्वार यांना गाडीवरच सामान हवे होते. तेथे जाड चामड्याच्या, बकलांच्या व पुढे धातूच्या बिल्ल्यांनी सजविलेल्या खुर्ज्या रूढ झाल्या. डिट्रॉइट येथील ब्यूको या नावाच्या खुर्ज्या १९४० व १९५० च्या दशकांत विशेष प्रसिद्ध होत्या. चामडे दिसावयास देखणे खरे. परंतु ते पावसात फुगते, उन्हात आकसते आणि आकार सोडते.

दुसऱ्या महायुद्धाने खुर्जीला शिस्त लावली, असे म्हणण्यास हरकत नाही. अमेरिकी सैन्याच्या हार्ली-डेव्हिडसन डब्ल्यूएलए या गाडीवर चामडी खुर्ज्या होत्या, तर ब्रिटिश सैन्याच्या बीएसए एम२०, नॉर्टन १६एच यांसारख्या गाड्यांवर पोलादी चौकटीत बसणाऱ्या कॅन्व्हसच्या पिशव्या वापरीत. चौकटीमुळे ओझे बैठकीला न लोंबता गाडीच्या सांगाड्यास मिळाले व पिशवी चाकापासून ठराविक अंतरावर राहू लागली. युद्धोत्तर काळातील बहुतेक सुधारणा या चौकटीवर उभ्या आहेत.

पुढचा टप्पा कडक पेटीचा. काचतंतूंनी बळकट केलेले प्लॅस्टिक पाण्याला दाद देत नाही व त्यास हवा तो आकार देता येतो. इंग्लंडमध्ये केन क्रेव्हन यांनी १९५० च्या दशकात अशा पेट्या लोकप्रिय केल्या. हार्ली-डेव्हिडसनने १९६२ मध्ये विस्कॉन्सिनमधील टॉमाहॉक या नौका बनविणाऱ्या कारखान्यात बहुसंख्य भाग घेतला व पुढे तेथे खुर्ज्या बनू लागल्या; होडी व खुर्जी यांचे साहित्य एकच झाले होते. जर्मनीत क्राउझर यांच्या १९७० च्या दशकातील पेट्या किल्लीने सुटत आणि हाती धरून मुक्कामाच्या खोलीत नेता येत. १९८० मध्ये होंडाने गोल्ड विंग इंटरस्टेट ही वायुरोधक आवरण, खुर्ज्या व मागील पेटी यांसह कारखान्यातूनच बाहेर पडणारी गाडी आणली.

पेट्या मोठ्या झाल्या, रस्ते सुधारले, वेग वाढला आणि मग जुना प्रश्न नव्या रूपाने पुढे आला. ओझे चुकीचे बसले, तर बैल वा घोडा ते पहिल्याच कोसात कळवितो. शिवाय चालताना तो आपला तोल स्वतः सावरून घेतो. मोटारसायकल काहीच कळवीत नाही. मंद वेगात ती निमूट चालते व दोष प्रकट होतो तो वेगात, म्हणजे नेमका सुधारण्यास उसंत नसते तेव्हा. ब्रिटिश अभियंते आर. एस. शार्प यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणितीय विवेचनात मोटारसायकलीच्या अस्थैर्याचे तीन प्रकार वेगळे केले : एका अंगास कलंडणे, सबंध गाडीने नागमोडी झुलणे आणि पुढील चाकाने थरथरणे. पैकी झुलणे हे सेकंदास सु. २ ते ४ दोलनांचे असून वेग वाढेल तसे त्याचे शमन कमी होत जाते. मागील भागी ओझे वाढले की हे शमन आणखी घटते.

याचे कारण साध्या हिशेबाने समजते. दोन चाकांच्या आसांतील अंतर १.४ मी. असलेल्या गाडीवर मागील आसाच्या २० सेंमी. मागे २० किग्रॅ. ओझे ठेवले, तर पुढील चाकावरील भार सु. ३ किग्रॅ. ने कमी होतो. आकडा लहान दिसतो, पण त्यासोबत आडव्या झुलण्यास लागू पडणारे जडत्वही वाढते आणि ते अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अंतर दुप्पट तर जडत्वातील भर चौपट. रुंद पेट्यांमागे निर्माण होणारे हवेचे भोवरे त्यात भर घालतात, आणि पेटीची कडी सैल असेल तर ती स्वतःच निराळी झुलू लागते. म्हणूनच पेटीच्या झाकणात प्रत्येकी ५ ते १० किग्रॅ. व ताशी १२० वा १३० किमी. अशा प्रकारच्या मर्यादा छापलेल्या आढळतात. त्या वाचणारे स्वार थोडेच असतात. गाडी झुलू लागल्यास वेग हलक्या हाताने कमी करावा. जोराचा ब्रेक दोलन वाढवितो.

खुर्जी निवडताना प्रथम ती गाडीवर कोठे येईल हे पाहावे, किती मावेल हे नंतर. ती खाली, पुढे व चाकाजवळ यावी. तिचा मोठा भाग मागील आसाच्या पुढे राहील तर उत्तम. मागे बसणाऱ्याच्या पावलांना जागा हवी. धक्काशोषक पूर्ण दबल्यावर चाक वर येते, तेव्हाही ते पिशवीस लागता कामा नये. उभ्या गाडीवर दिसणारे अंतर फसवे असते. मऊ पिशवीच्या आतील अंगास पोलादी दांडी नसेल, तर ती चाकात ओढली जाऊन चाक अडकण्याचा धोका असतो आणि हा दोष सर्वांत घातक होय. सायलेन्सरपासून पिशवी दूर ठेवावी किंवा मध्ये पत्रा घालावा. दिशादर्शक दिवे झाकले जाऊ नयेत. सायलेन्सर उंच असलेल्या गाड्यांवर एका बाजूची पेटी उथळ करतात. तेथे आकारमान असमान असले तरी वजन समान ठेवणे हे भरणाऱ्याचे काम. जड वस्तू तळाशी व पुढे भरून मागील स्प्रिंगचा ताण आणि टायरमधील हवा उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे वाढवावी लागते. ॲल्युमिनियमच्या चौकोनी पेट्या मजबूत खऱ्या, परंतु कच्च्या रस्त्यावर पाय टेकताना स्वाराचा पाय मागे जाऊन पेटीखाली सापडू शकतो. अशा वाटेवर मऊ पिशवीच योग्य, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

भारतात १९५५ पासून मद्रास येथे जुळविल्या जाऊ लागलेल्या एनफील्ड बुलेट या गाडीची ख्याती सैन्य व पोलीस यांच्या वापरामुळे झाली. पण खुर्जीचे खरे देशी रूप दूधवाल्याच्या गाडीवर दिसते. महाराष्ट्रातील खेड्यांतून शहराकडे येणारे गवळी लोखंडी पट्टीच्या आकड्यांना दोन्ही अंगांस दुधाचे कॅन अडकवितात. राजदूत ही गाडी या कामी पुष्कळ वर्षे वापरात होती. प्रत्येक बाजूस २० लि. दूध धरले, तर कॅन सोडूनच ४१ किग्रॅ. हून अधिक भार होतो, आणि अर्धवट भरलेल्या कॅनमधील दूध वळणावर हिंदकळते. रतीब घालताना एकाच बाजूचा कॅन रिकामा होत गेला, तर गाडी दुसरीकडे ओढते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्याच्या साडीस वा धोतरास चाकापासून संरक्षण देणारे आच्छादन आवश्यक आहे. इतरत्र बनविलेली खुर्ज्यांची चौकट येथे अनेकदा याच साडीगार्डवर अडते. २०२० च्या दुरुस्तीने मोटारसायकलीवर ५५० × ५१० × ५०० मिमी. पर्यंतची हलकी पेटी बसविण्याची तरतूद केली. ती मागील बैठकीच्या जागी बसविल्यास गाडीवर केवळ चालकासच बसता येते.