डोक्यावर गरुड, दंडावर वाघ

भिलाईत बिल्ला म्हटलं की तो रशियन. १९५५च्या करारानंतर सोव्हिएत तंत्रज्ञ इथे आले, ४ फेब्रुवारी १९५९ला पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं, आणि लेनिनचे, स्पुटनिकचे चिमुकले बिल्ले वसाहतीतल्या घरांत पोचले. जर्मन आले ते राउरकेल्याला. त्यामुळे जर्मन लष्करी टोपीवरचं चिन्ह भिलाईत कुणाकडे दिसलं, तर ते बहुधा विकत घेतलेलं असतं.

असे विकत घेणारे एक निवृत्त गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. उभं आयुष्य पोलाद कारखान्यात गेल्यामुळे धातू त्यांना हाताला कळतो. अक्षरं वाचायला मात्र ते माझ्याकडे येतात, कारण मी जर्मनमधून मराठीत भाषांतरं करते. मागच्या बाजूला कधी लूडेनशाइडच्या ‘आसमान’ कारखान्याचं नाव निघतं. या आसमानाचा आपल्या अस्मानाशी संबंध नाही, पण ते नाव वाचताना आम्ही दोघंही हसतो.

टोपी वाचायची ती वरून खाली. पहिल्या महायुद्धातल्या साध्या जर्मन शिपायाच्या टोपीवर रंगीत वर्तुळांच्या दोन टिकल्या असत. त्यांना कॉकेड म्हणतात. वरची साम्राज्याची, काळी-पांढरी-लाल, ती १८९७ साली आली. खालची ज्याच्या त्याच्या राज्याची. काळी-पांढरी-काळी प्रशियाची, पांढरी-निळी-पांढरी बव्हेरियाची, पांढरी-हिरवी-पांढरी सॅक्सनीची. माणूस आधी साम्राज्याचा, मग आपल्या मुलुखाचा, हे शिपायाच्या कपाळावरच लिहिलेलं. १९३४मध्ये टोपीवर पंख पसरलेला गरुड आला. त्याच्या नखांत पानांचं कडं आणि कड्यात तिरकं स्वस्तिक. आमच्या उंबऱ्यावर दिवाळीत काढलेलं स्वस्तिक सरळ बसलेलं असतं. हे एका टोकावर उभं. त्या गृहस्थांच्या घरी ही डबी देवघराच्या खोलीत ठेवत नाहीत, आणि ते मला योग्यच वाटतं.

एकदा त्यांनी मला कापडी गरुड आणि कॉकेड असलेली एक टोपी दाखवली. विकणाऱ्याने सांगितलं होतं, ‘इंडियन लीजनची.’ किंमत अर्थातच त्या दोन शब्दांची होती. अतिनील दिव्याखाली धागा चमकला नाही, म्हणजे माल जुना असू शकतो. पण लीजनचा कशावरून? लीजनला टोपीवर वेगळं चिन्हच नव्हतं. शिखांना पगडीची मुभा होती. बाकीच्यांच्या डोक्यावर कुठल्याही जर्मन पायदळ शिपायाची असते तीच टोपी, तोच गरुड, तीच काळी-पांढरी-लाल टिकली. भारत होता तो उजव्या दंडावर: केशरी, पांढरे, हिरवे पट्टे, त्यांवर झेप घेणारा वाघ आणि वर जर्मनमध्ये ‘फ्राइएस इंडिएन’, म्हणजे स्वतंत्र भारत. एकट्या टोपीवरून लीजन सिद्ध होत नाही.

उत्तर आफ्रिकेत पकडलेले भारतीय युद्धकैदी हा या लीजनचा मुख्य भरणा. संख्या अडीच-तीन हजारांच्या घरात. बर्लिनच्या आझाद हिंद केंद्रात काम केलेल्या एन. जी. गणपुले यांनी त्या काळावर ‘नेताजी इन जर्मनी’ हे इंग्रजी पुस्तक लिहिलं आहे. ब्रिटिशांच्या हिंदी फौजेत टोपीवरच्या चिन्हावरून पलटण कळे आणि पलटणीवरून बहुतेकदा जात किंवा प्रांत. लीजनमध्ये हिंदू, मुसलमान, शीख मुद्दाम एकाच तुकडीत मिसळले. परक्या टोपीखाली घडलेली ही गोष्ट लहान नव्हे.

तरीही लीजनची शपथ मला अडवते. आज्ञा पाळायची ती हिटलरची, जर्मन सेनेचा प्रमुख म्हणून, भारताच्या स्वातंत्र्याच्या लढ्यात. आणि त्या लढ्याचे नेते सुभाषचंद्र बोस आहेत, हे वाक्याच्या शेपटाला जोडलेल्या उपवाक्यात. मराठीत आणताना पंचाईत होते. आपल्याकडे ‘ज्या लढ्याचे नेते’ आधी येतं, ‘त्या लढ्यात’ मागून. सहज मराठी केलं की बोस पुढे सरकतात आणि हिटलर मागे जातो. वाक्य सुरेख होतं, पण शपथ बदलते. गणवेश मात्र मूळ वाक्याच्या क्रमानेच शिवलेला आहे: डोक्यावर गरुड, दंडावर वाघ. म्हणूनच दंडावरचा वाघ चढ्या भावाने विकत घेऊन टोपीकडे दुर्लक्ष करणारे संग्राहक मला अर्धंच वाक्य वाचणारे वाटतात.

त्याच वेळी दुसऱ्या बाजूने लढणाऱ्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चिन्हात शिंग होतं. लाइट इन्फन्ट्रीचं हे शिंग युरोपात मुळात जर्मन येगरांचं, म्हणजे शिकाऱ्यांमधून घेतलेल्या सैनिकांचं. ते ब्रिटिशांमार्फत मराठ्यांपर्यंत आलं आणि इटलीत जर्मनांच्याच समोर गेलं. १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले, ते जिंकलं आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; त्यांचा पुतळा रायगड जिल्ह्यात माणगावला आहे.

त्यानंतर महिनाभरात, ऑगस्टमध्ये, फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर असलेली लीजन वाफेन-एसएसकडे सोपवण्यात आली. बोस तेव्हा जर्मनीत नव्हते. फेब्रुवारी १९४३मध्येच ते कीलहून पाणबुडीने पूर्वेकडे निघून गेले होते. एसएसच्या टोपीवर गरुडाखाली टिकली नसते. तिथे कवटी असते.