आपल्या शाळेची मराठी

वसईतल्या आपल्या शाळेची इमारत कधी उभी राहिली आणि मुख्याध्यापक कोण कोण झाले, ही माहिती या स्मरणिकेत इतरत्र आलीच आहे. मला लिहायचे आहे ते शाळेच्या भाषेविषयी. चर्चच्या आवारातली, फादर आणि सिस्टर चालवत असलेली ही छोटी शाळा मराठी माध्यमाची होती. त्यामुळे आपल्याला काय मिळाले, हे आज सांगायला हवे.

वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. त्या दोनशे वर्षांत इथली कित्येक कुटुंबे ख्रिस्ती झाली. आडनावे बदलली, घरातली बोली मात्र राहिली. कुणाच्या घरी सामवेदी, कुणाच्या घरी वाडवळी. सामवेदी तर ख्रिस्ती कुपाऱ्यांच्या घरात आणि हिंदू सामवेदी ब्राह्मणांच्या घरातही बोलली जाते. चर्चमध्ये मात्र लॅटिन चाले. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ साली संपली, त्या सुमारास मिस्सा मराठीत होऊ लागली. आपल्या आधीच्या पिढीने लॅटिन प्रार्थना अर्थ न कळता पाठ केल्या. आपण मराठीत प्रार्थना केली आणि मराठीतच गणित शिकलो.

मी १९७५ च्या पहिल्या दहावीचा विद्यार्थी. त्याच वर्षी जुन्या अकरावीची शेवटची तुकडीही परीक्षेला बसली होती. सकाळी वाडीत पाणी लावून, केळीच्या चिखलाचे पाय बावखलावर धुऊन मुले शाळेत येत. प्रार्थना, प्रतिज्ञा, मग तास. धर्मशिक्षणाच्या तासाला ख्रिस्ती मुले एका वर्गात आणि बाकीची नीतिशिक्षणासाठी दुसऱ्या वर्गात जात. एरवी बाक एकच, डबाही बहुधा एकच. नाताळात सगळ्यांनी मिळून गोठा उभारायचा आणि कार्तिकात निर्मळच्या जत्रेतून आणलेली सुकेळी सगळ्यांनी मिळून संपवायची.

या सगळ्याची कसोटी लागे ती इतिहासाच्या तासाला. वसईची लढाई शिकवायची आणि समोर दोन्ही घरांतली मुले! आमच्या सरांनी आवाज चढवला नाही की काही गाळलेही नाही. लांबलेला वेढा, तटाखाली पेरलेले सुरुंग, दोन्हीकडे पडलेली माणसे, सगळे सांगितले. इथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून नेल्या गेल्या आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकरला त्या आजही आहेत, हेही सांगितले. मग आम्हांला किल्ल्यावर नेले. पडक्या चर्चच्या भिंती आणि नागेश्वराचे देऊळ एकाच तटाच्या आत पाहिले. त्या तासाला वर्गात कोणी जिंकले नाही आणि कोणी हरलेही नाही. हे सगळे सर्वांना समजणाऱ्या एका भाषेत सांगितले गेले, म्हणून ते जमले असे मला वाटते.

या मातीतल्या मराठीचा मान पुढे साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षे संपादक असलेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या दिवशी आपल्यापैकी अनेकांनी एकमेकांना फोन केले होते.

आज मराठी माध्यमाच्या वर्गांत मुले कमी होत आहेत. आपली नातवंडे इंग्रजी माध्यमात आहेत. नोकरी, परदेश, स्पर्धा ही पालकांची कारणे खरी आहेत, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण मराठीचे वर्ग बंद झाले तर लढाईचा तो धडा दोन्ही घरांतल्या मुलांना एकत्र बसवून कोण शिकवणार?

म्हणून मेळाव्यानिमित्त दोन विनंत्या. प्रत्येक तुकडीने शाळेच्या ग्रंथालयाला दरवर्षी थोडी मराठी पुस्तके द्यावीत. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या वयोवृद्ध शिक्षकांकडे जाऊन त्यांच्या आठवणी, आपल्या बोलीतले शब्द लिहून घ्यावेत. सर, बाई, फादर, सिस्टर, आपण सांगा. आम्ही वही घेऊन येतो.