गंज-ए-सवाईचा लुटारू : हेन्री एव्हरीचे पुढे काय झाले?

१/ इ.स. १६९६ च्या उन्हाळ्यात एक मनुष्य आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरला आणि इतिहासातून नाहीसा झाला. त्याच्या एका कृत्यामुळे सुरतेतील इंग्रजांच्या पायांत बेड्या पडल्या होत्या आणि मुंबई बेट संकटात सापडले होते. त्याचे नाव हेन्री एव्हरी. त्याचा शेवट कसा झाला, हा वाद सव्वातीनशे वर्षे चालू आहे. या वादातील पुरावे आज क्रमाने तपासू या. #थ्रेड

२/ कथेचा आरंभ एका बंडातून होतो. मे १६९४ मध्ये स्पेनच्या कोरुन्या बंदरात ‘चार्ल्स द सेकंड’ हे इंग्रजी जहाज महिनोन्महिने खोळंबले होते. खलाशांचे पगार थकले होते. ७ मेच्या रात्री कप्तान गिब्सन तापाने फणफणलेला असता दुय्यम अधिकारी एव्हरी आणि त्याच्या साथीदारांनी जहाज ताब्यात घेतले. बंडात सामील न होणाऱ्यांना कप्तानासह होडीत उतरवले आणि जहाजाला नवे नाव दिले : ‘फॅन्सी’.

३/ १६९५ च्या फेब्रुवारीत, आफ्रिकेच्या पूर्वेकडील कोमोरो बेटांवर एव्हरीने इंग्रज कप्तानांसाठी एक पत्र ठेवले. आपण कोणत्याही इंग्रज किंवा डच जहाजाला त्रास दिलेला नाही आणि देणारही नाही, असे त्यात लिहिले होते. इतरांविषयी मात्र असे अभय नव्हते. त्यानंतर तो तांबड्या समुद्राच्या मुखाशी, बाब-अल-मंदबपाशी, दबा धरून बसला. मोखा बंदरातून सुरतेला परतणारी हज यात्रेकरूंची व व्यापाऱ्यांची जहाजे याच वाटेने येत असत.

४/ त्या वेळी आपल्या मुलखात काय स्थिती होती? छत्रपती संभाजी महाराजांच्या हत्येस सहा वर्षे झाली होती. राजाराम महाराज जिंजीस होते आणि औरंगजेबाची छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीस पडली होती. कल्याणचा मुलूख मोगल सरदार मातबरखानाकडे होता. वाशिंद-शहापूरचा आपला पट्टा त्याच परिसरातला. मुंबईचे इंग्रज तर नुकतेच सावरत होते. १६८९-९० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने मुंबई वेढली होती आणि दीड लाख रुपये दंड भरून, बादशहाची क्षमा मागून इंग्रजांनी जीव वाचवला होता.

५/ सप्टेंबर १६९५ मध्ये एव्हरी व त्याच्या साथीदारांनी प्रथम सुरतेचा बडा व्यापारी अब्दुल गफूर याचे ‘फतेह मुहम्मद’ लुटले. त्यानंतर त्यांनी गाठले ते ‘गंज-ए-सवाई’. हे बादशाही जहाज सुरत बंदरातील सर्वांत मोठे होते. इतिहासकार खाफीखान त्यावर ८० तोफा, ४०० बंदुका आणि ५२ लाख रुपयांचे सोने-चांदी असल्याचे सांगतो. लढाईच्या आरंभीच जहाजावरील एक तोफ फुटून आपलीच माणसे मेली, तर शत्रूच्या गोळ्याने मुख्य डोलकाठी निकामी झाली. नाखुदा इब्राहीमखान तळमजल्यात जाऊन लपला, असे खाफीखान रोषाने लिहितो.

६/ पुढे जे घडले ते लुटीहून भयंकर होते. जहाज आठवडाभर चाच्यांच्या ताब्यात होते. पैसा कोठे दडवला आहे हे वदवून घेण्यासाठी पुरुषांचे हाल केले गेले. स्त्रियांवर अत्याचार झाले. अब्रू वाचवण्यासाठी काही स्त्रियांनी समुद्रात उड्या टाकल्या, काहींनी सुरी-कट्यारीने जीव दिला, अशी नोंद खाफीखानाने केली आहे.

७/ लुटलेले जहाज सुरतेस पोहोचताच शहर खवळले. सुभेदार इतमादखानाने सुरतेच्या वखारीचा प्रमुख सॅम्युअल ॲनस्ली आणि इतर इंग्रजांना कैद केले. पायांत बेड्या, व्यापार बंद. महिनोन्महिने ते अटकेत राहिले. अखेर मोगल जहाजांना समुद्रात संरक्षण देण्याचे बंधन पत्करल्यावरच कंपनीची सुटका झाली.

८/ येथे एक दुर्मीळ प्रसंग नोंदवायला हवा. याच सुमारास खाफीखान स्वतः सुरतेहून रायरीकडे, म्हणजे आपल्या रायगडाकडे, निघाला होता. तेथील फौजदार अब्दुर्रझाक याचा माल त्याला पोहोचवायचा होता. वाटेत तो मुंबईत इंग्रज अधिकाऱ्याला भेटला आणि बादशाही जहाजाच्या लुटीचा विषय निघाला. हे काम आमच्याच माणसांचे कशावरून, अशा आशयाचा बचाव त्या अधिकाऱ्याने केला.

९/ एव्हरी तोवर अर्धे जग ओलांडून गेला होता. १६९६ च्या वसंतात तो ‘हेन्री ब्रिजमन’ या खोट्या नावाने बहामा बेटांवरील नॅसॉ येथे अवतरला. तेथील गव्हर्नर निकोलस ट्रॉट याने हस्तिदंत, तोफांची दारू आणि खुद्द ‘फॅन्सी’ जहाज लाच म्हणून स्वीकारून या मंडळींना आसरा दिला. तेथून टोळी पांगली. काहीजण अमेरिकेतील वसाहतींत शिरले, तर एव्हरी व काही सोबती लहान गलबतातून आयर्लंडला गेले.

१०/ इंग्लंडच्या सरकारने त्याच्यावर ५०० पौंडांचे इनाम लावले आणि ईस्ट इंडिया कंपनीने त्यात तितकीच भर घातली. त्याचा एक साथीदार जॉन डॅन अंगरख्यात शिवलेल्या सोन्याच्या नाण्यांमुळे पकडला गेला. त्याच्या जबानीनुसार, सेंट ऑल्बन्स गावी त्याला दुसऱ्या एका सोबत्याची पत्नी भेटली. आपण ‘कप्तान ब्रिजमन’ला भेटायला निघालो आहोत, असे ती म्हणाली, ठिकाण मात्र तिने सांगितले नाही. एव्हरीचा हा शेवटचा समकालीन माग.

११/ ऑक्टोबर १६९६ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात सहा साथीदारांवर खटला चालला. पहिला आरोप ‘गंज-ए-सवाई’च्या लुटीचा होता. ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले! काही दिवसांतच दुसरा खटला उभा राहिला, या वेळी ‘चार्ल्स द सेकंड’ पळवल्याबद्दल. त्यात मात्र ते दोषी ठरले. २५ नोव्हेंबरला पाच जणांना टेम्सच्या काठी फाशी झाली. हिंदी जहाजाच्या लुटीवर सुटलेली माणसे इंग्रजी जहाजाच्या चोरीवर लटकली.

१२/ आता एव्हरीच्या शेवटाकडे वळू. पहिली कथा : तो मादागास्करचा राजा झाला आणि पळवून नेलेल्या मोगल राजकन्येशी त्याने सुखाने संसार केला. १७०९ मध्ये त्याचे असे एक ‘चरित्र’ छापले गेले आणि पुढच्या काही वर्षांत लंडनच्या रंगभूमीवर त्याच्यावरून नाटकही आले. पण ‘फॅन्सी’ नॅसॉला पोहोचले होते, टोळी तेथूनच फुटली होती. न्यायालयीन जबान्यांपुढे हे राज्य टिकत नाही.

१३/ दुसरी कथा : १७२४ साली ‘कॅप्टन चार्ल्स जॉन्सन’ या नावाने चाच्यांचा एक गाजलेला इतिहास प्रसिद्ध झाला. त्यात एव्हरी डेव्हनमध्ये लपून राहतो. ब्रिस्टलचे व्यापारी त्याचे हिरे विकायला घेतात आणि पैसे बुडवतात. न्यायालयात जाण्याची सोय त्याला नसते. शेवटी बिडफर्ड गावी तो इतका निर्धन मरतो की शवपेटीपुरतेही पैसे मागे राहत नाहीत. कथा पटण्याजोगी आहे खरी. पण ती २८ वर्षांनंतरची आहे आणि तिला आधार देणारे समकालीन कागद नाहीत. पापाचे फळ दाखवणारा असा शेवट वाचकांना हवाच असतो, हेही लक्षात घ्यावे.

१४/ तिसरा धागा मातीतून आला. २०१४ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे १६९३ सालचे येमेनी चांदीचे नाणे सापडले. एव्हरीची टोळी त्या बाजूस पांगली होती, या कागदोपत्री माहितीशी ते जुळते. पण नाणे हातोहात फिरते. तेथे टोळीतील कोणी पोहोचले असावे, इतकेच त्यावरून म्हणता येईल. खुद्द एव्हरी तेथे होता, असे नव्हे.

१५/ सारांश काय? जॉन डॅनच्या जबानीपुढे भक्कम पुरावा नाही. राजा, भिकारी, अमेरिकेतला गुप्त रहिवासी या साऱ्या त्यानंतरच्या जोडण्या आहेत. एव्हरी पकडला गेला नाही, एवढेच निश्चित.

१६/ आणि दुसरी बाजू पाहा. जहाजावर काय घडले याचे तीन साक्षीदार आहेत. एक खाफीखान, मोगलांच्या बाजूचा. दुसरा मुंबईचा इंग्रज गव्हर्नर जॉन गेयर : ऑक्टोबर १६९५ च्या पत्रात, मक्केहून परतणाऱ्या, बादशहाच्या नात्यातील एका वृद्ध उमरावपत्नीची विटंबना व इतर स्त्रियांवरील बळजबरी झाल्याचे आपल्या कानी आले, असे तो कळवतो; चाचे सारे इंग्रज होते असे येथील लोक ठामपणे सांगतात, हेही नोंदवतो. तिसरा खुद्द चाचा जॉन स्पार्क्स, ज्याने फाशीपूर्वी हिंदी स्त्री-पुरुषांच्या छळाबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला.

१७/ तिघेही परस्परांचे विरोधक. एकमेकांशी जुळवून बोलण्याचे त्यांना कारण नव्हते. तरीही मूळ घटनेबाबत ते एकच गोष्ट सांगतात. याला स्वतंत्र पुराव्यांचा मेळ म्हणतात आणि इतिहासात त्याचे मोल फार मोठे आहे. वृद्ध यात्रेकरू स्त्रीच्या विटंबनेची ही हकिकत इंग्रजी कादंबऱ्या-नाटकांत येईतो तिची प्रेमात पडलेली तरुण राजकन्या झाली होती.

१८/ मित्रहो, एव्हरीच्या खजिन्याविषयी नवे व्हिडिओ, नवे दावे येतच राहतील. त्या वेळी दोन प्रश्न जरूर विचारा : हे सांगणारा घटनेच्या किती जवळ होता, आणि असे सांगण्यात त्याचा लाभ कोणता होता? ‘गंज-ए-सवाई’वर जीव दिलेल्या स्त्रियांची नावे कोणत्याही कागदात उतरली नाहीत. त्यांचे काय झाले, याबद्दल मात्र वाद नाही. (समाप्त)