बर्गंडीचे मठ आणि त्यांचे द्राक्षमळे

संत बर्नार्ड यांनी सुमारे ११२५ साली आपले मित्र, सें-थिएरीचे मठाधिपती विल्यम, यांस उद्देशून एक छोटेखानी ग्रंथ लिहिला. त्यात क्लूनीच्या मठवाशांच्या राहणीवर कडक टीका आहे. तीमधील भोजनगृहाचे वर्णन आम्हांस दर वाचनी नवे वाटते. एकाच जेवणात तीन-चार वेळा अर्धे भरलेले चषक आणले जातात. मठवासी निरनिराळे द्राक्षारस पिण्यापेक्षा हुंगतात, जिभेला लावून पाहतात, आणि सरावाने त्यांतला सर्वांत कडक कोणता हे चटकन ओळखून तोच निवडतात. आजचे पारखी तळघरात उभे राहून जे करतात, ते याहून फारसे निराळे नाही. या कलेचे इतके जिवंत वर्णन करणारा लेखक तिचा कट्टर विरोधक असावा, ही एक मौजच म्हणावयाची.

परंतु मौज येथेच संपत नाही. बर्नार्ड ज्या सितो मठात दाखल झाले होते, त्याच मठाच्या बंधूंनी पुढे बर्गंडीतील सर्वांत नामांकित मळ्यांपैकी एक, क्लो द व्हूजो, घडविला.

मिस्सासाठी द्राक्षारस हवा म्हणून मठवाशांनी मळे लावले, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात सहज सांगून जातो. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. वेदीला लागणारा द्राक्षारस तो किती? शिवाय बाराव्या-तेराव्या शतकांत श्रद्धावंतांना चषकातून प्रभुरक्त देण्याची प्रथा मागे पडत चालली होती. खरी मागणी भोजनगृहाची, पाहुण्यांची आणि पुढे बाजाराची होती. संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीचा चाळीसावा अध्याय येथे ध्यानात घ्यावा. द्राक्षारस मठवाशांसाठी नव्हेच, परंतु आमच्या काळातील मठवाशांना हे पटविता येत नाही, म्हणून निदान तो बेताने घ्यावा, असे म्हणून ते दररोज एक हेमिना, म्हणजे सुमारे पाव लिटर, एवढे माप ठरवून देतात. मानवी दुर्बलतेशी केलेली ही तडजोड आम्हांस फार शहाणपणाची वाटते.

सितो मठ १०९८ साली स्थापन झाला तो बेनेडिक्टांची नियमावली अक्षरशः पाळण्यासाठी. दुसऱ्याच्या श्रमांवर जगावयाचे नाही, स्वतःच्या हातांनी काम करावयाचे, हा त्यांचा बाणा. व्हूजो येथील जमिनी त्यांना बाराव्या शतकाच्या आरंभापासून दानरूपाने मिळत गेल्या. काही त्यांनी विकतही घेतल्या. चौदाव्या शतकात सुमारे पन्नास हेक्टरांचा तो सलग पट्टा दगडी भिंतीने बंदिस्त झाला. क्लो म्हणजे अशी बंदिस्त जागाच. आत द्राक्षे पिळण्याची प्रचंड लाकडी यंत्रे आणि जाड भिंतींचे कोठार होते. मठवासी माती चाखून जमीन पारखीत, अशी दंतकथा तेथे सांगतात. आम्हांस ती विश्वसनीय वाटत नाही. चाखण्याचे कारणही नव्हते. एकाच उतारावर वरचा, मधला आणि खालचा भाग कसे वेगळे फळ देतात, हे ज्या संस्थेला शतकानुशतके पाहता आले, जिच्या जमिनीची मुलांमध्ये वाटणी कधी होत नव्हती, तिला ते ज्ञान आपोआप साचत गेले. यातील बरेचसे कष्ट गायनवृंदातील मठवाशांचे नव्हते, तर लेखन-वाचन न येणाऱ्या सेवाबंधूंचे होते. त्यांपैकी क्वचितच कोणाचे नाव आपणांस ठाऊक आहे. बर्गंडीतील अशा लहान लहान जमिनींना ‘क्लीमा’ म्हणतात; युनेस्कोने २०१५ साली त्यांचा जागतिक वारशात समावेश केला.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. मठांच्या तळघरांत द्राक्षारस वर्षानुवर्षे मुरत पडलेला असे, हे चित्र मध्ययुगाचे नव्हे. लाकडी पिंपात हवा शिरते. रस वर्षभरात आंबूसपणाकडे झुकतो. म्हणून त्या काळी नवा द्राक्षारस महाग आणि जुना स्वस्त असे. लूकच्या शुभवर्तमानातील ‘जुनाच चांगला’ हे उद्गार वाचताना मध्ययुगीन फ्रेंच पुरोहित थोडा अडखळत असेल, असे आमच्या मनात येते. लाल द्राक्षारस दीर्घकाळ राखणे शक्य झाले ते सतराव्या-अठराव्या शतकांत, जाड काचेची बाटली आणि घट्ट बूच हाती आल्यावर. तेव्हापासूनची रीत अशी : बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहून आकसत नाही, जागा अंधारी, थोडी दमट आणि सुमारे बारा अंश उष्णतेची असावी, तुरट द्रव्ये हळूहळू निवळून तळाशी साका बसतो, तो न हलविता रस ओतावा. द्राक्षारस बिघडतो तो सूक्ष्म जीवांमुळे, हे लुई पाश्चर यांनी १८६६ च्या आपल्या ग्रंथात दाखविले.

आपल्या वाचकांस हा विषय केवळ परका नाही. संत थॉमस अक्विनास यांनी ‘सुम्मा’च्या तिसऱ्या भागात व्हिनेगर झालेला रस मिस्साला चालणार नाही, असे स्पष्ट केले आहे; १९८३ च्या धर्मसंहितेचा ९२४ वा नियमही द्राक्षाचा नैसर्गिक आणि न बिघडलेला रसच मागतो. रंगाचे मात्र बंधन नाही. आपल्या उष्ण हवेत उघडलेली बाटली सॅक्रिस्तीच्या कपाटात महिनोन्महिने पडून राहते तेव्हा ती चाखून पाहणे, ही चैन नव्हे.

मठांच्या मळ्यांचा शेवट एका महागुरूंच्या हस्ते झाला. १० ऑक्टोबर १७८९ रोजी ओतेंचे महागुरू ताल्लेरां यांनी ख्रिस्तसभेची मालमत्ता राष्ट्राच्या स्वाधीन करावी, असा प्रस्ताव फ्रेंच राष्ट्रसभेत मांडला. २ नोव्हेंबरला तो संमत झाला. बोन शहर आणि त्याच्या भोवतालचे मळे त्यांच्याच धर्मप्रांतात मोडत. व्हूजोचा लिलाव १७९१ मध्ये झाला. ताल्लेरां यांनी स्वतः मात्र १८०१ साली बोर्दोजवळचा शातो ओ-ब्रियों हा मळा विकत घेतला व १८०४ पर्यंत ठेवला. याच ओ-ब्रियोंला १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी केलेल्या क्रमवारीत लाफित, लातूर आणि मार्गो यांच्यासह पहिल्या श्रेणीत स्थान मिळाले. ती क्रमवारी प्रामुख्याने बाजारभावावर बेतलेली होती. मठवाशांनीही जमिनींची प्रतवारी केली होती, पण ती पिकावरून. भावावरून प्रत ठरविणे हे व्यापाऱ्याचे शास्त्र आहे, आणि आज गुण देऊन द्राक्षारस विकला जातो तो याच शास्त्राच्या आधारे.

त्याचे टोक पाहावयाचे तर रोमाने-कोंती पाहावे. जेमतेम १.८ हेक्टरांचा हा मळा मुळात सें-व्हिव्हां या क्लूनीपंथी मठाच्या जमिनीतला. मठाकडून तो खाजगी हातांत गेला आणि १७६० साली प्रिन्स द कोंती यांनी विकत घेतला. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तेथील १९४५ सालच्या एका बाटलीला ५,५८,००० डॉलर मिळाले. अशी बाटली बहुधा कोणी पीत नाही. ती एका तळघरातून दुसऱ्या तळघरात जाते. बर्नार्डांच्या काळचे पारखी निदान पीत तरी होते. आणि व्हूजोच्या भिंतीआत आज सुमारे ऐंशी मालक आहेत; चिठ्ठीवर नाव एकच, रस मात्र ज्याचा त्याचा.

तरीही ही सारी कथा लोभाची आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बोन येथे १४४३ साली निकोला रोलें आणि त्यांची पत्नी गिगोन द सालें यांनी गोरगरिबांसाठी रुग्णालय स्थापिले. १४५७ पासून त्याला द्राक्षमळे दान मिळू लागले. आज त्याचे सुमारे साठ हेक्टर मळे आहेत, आणि १८५९ पासून नोव्हेंबरात त्या द्राक्षारसाचा जाहीर लिलाव होत आला आहे. जुन्या इमारतीतील रुग्ण १९७१ मध्ये नव्या रुग्णालयात हलविले गेले, पण लिलावाचे उत्पन्न आजही रुग्णसेवेकडे जाते. तेथे पिंप विकत घेणारा श्रीमंत पारखी, इच्छा असो वा नसो, कोणा अनोळखी रुग्णाच्या खाटेचा खर्च उचलतो.

सितोचा मठ क्रांतीनंतर रिकामा पडला होता. १८९८ साली मठवासी तेथे परतले. द्राक्षमळे त्यांना परत मिळाले नाहीत. १९२५ पासून ते गाई पाळून चीज करतात आणि ते मठाच्या दारातील दुकानात विकतात.