मोहाची दारू

मोहाची दारू हे मोहाच्या फुलांपासून घरगुती पद्धतीने गाळले जाणारे मद्य आहे. दोंडाईच्याच्या उत्तरेस, तापीपलीकडील सातपुड्यात भिल्ल व पावरा समाजांच्या सण, विवाह व देवपूजेत तिला स्थान आहे.

निर्मिती

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली गळून पडलेली फुले वेचून उन्हात वाळवतात. वाळलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. फुले काही दिवस पाण्यात भिजवल्यावर ती आंबतात व साखरेचे मद्यार्कात रूपांतर होते. हे मिश्रण मडक्यात उकळून निघणारी वाफ थंड केली की दारू मिळते.

सुधारणा व कायदा

१९३०च्या दशकात संत गुलाम महाराज यांनी पश्चिम खानदेशातील भिल्लांमध्ये व्यसनमुक्तीचा प्रसार केला. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय दारू गाळणे गुन्हा आहे. मोहफुलांचे संकलन व वाहतूक यांवरही निर्बंध होते. ही फुले टंचाईच्या काळात अन्न म्हणून खाल्ली जातात आणि त्यांच्या विक्रीतून आदिवासी कुटुंबांना रोख उत्पन्न मिळते. त्यामुळे निर्बंधांची झळ केवळ दारूपुरती मर्यादित नव्हती. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने फुलांवरील हे निर्बंध उठवले. विनापरवाना दारू गाळण्यावरील बंदी मात्र कायम आहे.