खूण कोणाची, निर्णय कोणाचा?

(पोस्ट मोठी आहे. खेळात रस नसला तरी वाचा, कारण विषय नुसता खेळाचा नाही.)

अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींच्या सॉफ्टबॉलचे व्हिडिओ आता आपल्याकडच्या पोरीही मोबाईलवर बघतात. त्यात एक गोष्ट लगेच नजरेत भरते. चेंडू टाकण्याआधी कॅचर बाहेर कोचकडे बघते. कोच तीन आकडे ओरडून सांगतो. कॅचर मनगटावरच्या पट्ट्यात डोकावते आणि मग बोटांनी पिचरला खूण करते. त्या पट्ट्यात प्लास्टिकखाली एक छोटा तक्ता असतो, नुसते आकड्यांचे रकाने. २-१-४ म्हणजे समजा बाहेरच्या बाजूला टाकायचा संथ चेंडू. तक्ता बदलला की त्याच आकड्यांचा अर्थ बदलला. त्यामुळे समोरच्या संघाने आकडे ऐकले तरी उपयोग शून्य.

आपल्या शालेय स्पर्धांच्या यादीत सॉफ्टबॉल आहे. राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, त्यामुळे पालकही असे खेळ गांभीर्याने घ्यायला लागलेत. म्हणजे आज ना उद्या तो पट्टाही आपल्या मैदानांवर येणार. येण्याआधी त्याचा इतिहास समजून घेऊ.

सॉफ्टबॉल सुरू झाला १८८७ साली शिकागोत, एका बोट क्लबच्या सभागृहात. बॉक्सिंगच्या ग्लोव्हचा केला चेंडू आणि झाडूच्या दांड्याची केली बॅट. पुढे तो मैदानावर आला आणि वेगवान झाला. मुलींच्या खेळात पिचर ४३ फुटांवर उभी असते. चांगल्या पिचरचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत बॅटरपर्यंत पोचतो. एवढ्या वेळात बोलून काही ठरवता येत नाही. जे ठरवायचं ते आधी, आणि तेही गुपचूप. म्हणून खुणा.

खुणा मात्र सॉफ्टबॉलच्या आधीपासूनच्या. बेसबॉलमध्ये विल्यम हॉय नावाचा खेळाडू होता. लहानपणी मेंदूज्वराने त्याला बहिरेपण आलं. अंपायरने 'बॉल' म्हटलं की 'स्ट्राइक', हे त्याला ऐकू येत नसे. १८८६ च्या सुमारास त्याने तिसऱ्या बेसजवळच्या आपल्या कोचला हाताने खूण करायला सांगितलं. अंपायरच्या आजच्या हातवाऱ्यांचं श्रेय त्यालाच द्यायचं का, यावर वाद आहेत. पण हॉय १८८८ ते १९०२ सर्वोच्च पातळीवर खेळला आणि या खुणांच्या आधाराने खेळला, एवढं नक्की. त्याला कोणी 'असं मार' सांगत नव्हतं. काय झालं तेवढं कळवत होतं. पुढे काय करायचं, ते तो ठरवायचा.

अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडू डोकी एकत्र करून घोळका करतात, त्याचीही गोष्ट अशीच. १८९० च्या दशकात वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या बधिरांच्या कॉलेजचा संघ खाणाखुणांनी डाव ठरवायचा. समोरचा संघही बधिरांचा असला की त्या खुणा वाचल्या जायच्या. म्हणून हे घोळका करून खुणा झाकायला लागले.

खूण आली की तिची चोरी आलीच. कोच टोपीला, छातीला, पट्ट्याला हात लावत सुटतो, पण त्यातली खरी खूण एकच. ठरलेल्या जागी हात लागल्यानंतर जी येईल ती खरी, बाकी सगळा देखावा. २०१७ मध्ये ह्यूस्टन अॅस्ट्रोजने कॅमेऱ्यातून समोरच्या कॅचरच्या खुणा बघितल्या आणि कचऱ्याचा डबा बडवून आपल्या बॅटरला कळवल्या. चौकशी झाली, २०२० मध्ये ५० लाख डॉलर दंड झाला. २०२२ पासून तिथे कॅचर बटणं दाबून थेट पिचरच्या कानात सांगतो.

मनगटाचा पट्टाही फुटबॉलमधलाच. १९६५ च्या डिसेंबरात बाल्टिमोर कोल्ट्सचे दोन्ही क्वार्टरबॅक जखमी झाले. टॉम मॅट या दुसऱ्याच जागेवरच्या खेळाडूला उभं करावं लागलं. त्याला सगळे डाव पाठ असणं शक्य नव्हतं, म्हणून ते त्याच्या मनगटावर लिहून दिले. अडचणीतली सोय होती. पुढे ती सोय पद्धत झाली आणि सॉफ्टबॉलमध्ये पोचली.

आपल्याला जवळचं उदाहरण क्रिकेटचं. १९९९ च्या वर्ल्ड कपमध्ये होव्हला भारताविरुद्ध खेळताना दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए कानात यंत्र घालून उतरला. पलीकडून बोलणार होते कोच बॉब वूल्मर. सामनाधिकाऱ्यांनी ते काढायला लावलं. प्रश्न तेव्हाही हाच होता: मैदानावर कप्तान कोण?

आता घरचं बघू. आम्हा कर्जतकरांना खुणांची भाषा नवी नाही. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात, ती लोणावळ्यापर्यंत गाडी ढकलतात. पुढचा आणि मागचा ड्रायव्हर यांच्यामध्ये अख्खी गाडी, वळणं, बोगदे. एकमेकांना दिसणं अशक्य. म्हणून शिट्टीची भाषा ठरली. पुढच्याची एक आखूड शिट्टी म्हणजे 'मी तयार'. मागच्याने तशीच शिट्टी देऊन उत्तर द्यायचं. तीन आखूड म्हणजे गाडी आवरत नाही, गार्डने ब्रेक लावावा. आता वॉकीटॉकी आहेत, पण तत्त्व तेच: कळवायचं, आणि समोरून उत्तर घ्यायचं. मागच्या इंजिनावरही एक जाणता माणूस असतो, हे त्यात धरलेलं आहे.

आणि दुसरं घरचं उदाहरण म्हणजे कबड्डी. कर्जत-खालापूरच्या गावागावांत रात्री लाईट लावून सामने होतात. पकड करणारे हात धरून साखळी करतात ना, ती नुसती अडवायला नसते. शेजाऱ्याचा हात दाबला की 'आता जाऊया'. प्रेक्षकांना दिसत नाही, चढाई करणाऱ्याला दिसत नाही, कोचला तर नाहीच. ही बरोबरीच्यांची खूण.

चढाईचा नियम तर याहून कडक. चढाई चालू असताना आपल्याच संघातल्या कोणी चढाई करणाऱ्याला धोक्याची सूचना दिली, तर समोरच्या संघाला गुण मिळतो. पंच तो नेहमी देतात असं नाही, आणि बाहेरून आरडाओरडा होतोच. पण खेळ ज्यांनी बांधला त्यांनी हे लिहून ठेवलं, हे महत्त्वाचं. रेषेपलीकडे गेलास की दम तुझा आणि निर्णयही तुझा.

म्हणजे खुणा दोन जातींच्या. एक कळवते, दुसरी हुकूम सोडते. हॉयची खूण, बँकरची शिट्टी, कबड्डीची साखळी या पहिल्या जातीच्या. मनगटावरचा तक्ता बहुतेक वेळा दुसऱ्या. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. चोरी थांबते, वेळ वाचतो, कोचकडे समोरच्या बॅटरची नोंद असते ती कामी येते. जिंकणं हीच नोकरी आहे तिथे तो राहणारच. पण चौदा वर्षांच्या मुलीने प्रत्येक चेंडूआधी मान वळवून बाहेर बघायचं, याची किंमत वेगळी आहे. बॅटर कुठे उभी आहे, मागचा चेंडू तिने कसा मारला, आपली पिचर दमली आहे का, हे सर्वांत जवळून बघते ती कॅचर. तिलाच विचार करायचं काम उरत नाही.

आणि ही मान वळवायची सवय मैदानापुरती राहत नाही. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये महिलांना ५० टक्के जागा आहेत. तरी कितीतरी ग्रामसभांत सरपंचताई उत्तर देण्याआधी बाजूला बसलेल्या नवऱ्याकडे बघताना दिसतात. ही सवय कोणाला एका दिवसात लागत नाही. घरात लागते, वर्गात लागते, मैदानावरही लागू शकते. आणि सुटायची असेल तर मैदानाइतकी सोपी जागा नाही, कारण तिथे चूक झाली तर जातो फक्त एक गुण.

म्हणून शाळेतल्या सर-मॅडमना एवढंच सांगणं आहे. पट्टा आणायचा तर आणा, पण तक्ता मुलींना बनवू द्या. कोणत्या आकड्याचा अर्थ काय, ते त्यांनी ठरवावं. सरावात तुम्ही आकडे सांगा, सामन्यात कॅचरला सांगू द्या. डाव संपला की बसून विचारा, हा चेंडू का मागितलास? तिचं उत्तर ऐका. सामना हरलात तरी चालेल, पुढच्या वर्षी तीच मुलगी संघ चालवेल.

पटलं तर तुमच्या ओळखीच्या पीटीच्या सरांना पाठवा. नाही पटलं तर का ते लिहा, वाचायला आवडेल.