अवरक्त ध्रुवक काच

अवरक्त ध्रुवक काच ही अवरक्त प्रकाशाच्या ठरावीक तरंगलांब्यांवर ध्रुवकाचे कार्य करणारी विशेष प्रकारची काच होय. या काचेच्या पृष्ठभागालगतच्या थरात चांदीचे अतिसूक्ष्म, लांबट कण एकाच दिशेने मांडलेले असतात. कणांच्या लांबीला समांतर कंपन करणारा प्रकाश हे कण शोषून घेतात आणि त्या दिशेला लंब असणारा प्रकाश जवळजवळ पूर्णपणे पलीकडे जातो. प्रकाशतंतूंद्वारे चालणाऱ्या दूरसंचारात १३१० व १५५० नॅनोमीटर या तरंगलांब्या प्रामुख्याने वापरल्या जातात. तेथील लेसर उपकरणांमध्ये ही काच मोठ्या प्रमाणावर आढळते.

पार्श्वभूमी

परावर्तनाने प्रकाशाचे ध्रुवण होते, हे फ्रेंच अभियंता एत्येन लुई मालुस यांनी १८०८ मध्ये दाखवून दिले. स्कॉटिश शास्त्रज्ञ विल्यम निकोल यांनी १८२८ मध्ये कॅल्साइट स्फटिकाचा लोलक बनवला आणि प्रयोगशाळांना उपयुक्त ध्रुवक मिळाला. डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णताप्रारणाचेही ध्रुवण होते, हे जेम्स फोर्ब्स यांनी १८३० च्या दशकात अभ्रकाच्या पातळ पत्र्यांची चळत वापरून सिद्ध केले. अवरक्त प्रारण आणि दृश्य प्रकाश ही एकाच जातीची प्रारणे आहेत, या मतास त्यामुळे बळ मिळाले.

एकाच दिशेने मांडलेले वाहक पदार्थ तरंगाचे ध्रुवण करतात, हे तत्त्व प्रथम विद्युत्‌चुंबकीय तरंगांच्या प्रयोगांत स्पष्ट झाले. हाइन्‍रिख हर्ट्‌झ यांनी १८८८ मध्ये समांतर तारांची जाळी वापरून रेडिओ तरंगांचे ध्रुवण दाखवले. जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकात कलकत्त्यात कित्येक पटींनी लहान तरंगांवर प्रयोग केले. त्यांनी पुस्तकाच्या पानांमध्ये कथलाचे वर्ख घालून ध्रुवक तयार केला होता. अवरक्त ध्रुवक काचेतील चांदीचे कण हे याच समांतर वाहकांचे अतिसूक्ष्म रूप मानता येते.

एडविन लँड यांनी १९२९ पासून विकसित केलेल्या प्लॅस्टिकच्या पोलरॉइड पत्र्यांमुळे ध्रुवक स्वस्त झाले. परंतु प्लॅस्टिक उष्णतेपुढे टिकत नाही आणि प्रखर लेसर किरणांनी खराब होते. अमेरिकेतील कॉर्निंग या काच कंपनीतील डोनाल्ड स्टूकी व रॉजर अरौहो यांनी काचेतील चांदीच्या लांबट कणांमुळे होणाऱ्या ध्रुवणावरील संशोधन १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. उन्हात काळी पडणाऱ्या चष्म्याच्या काचेवरही स्टूकी यांनी काम केले होते. त्या काचेतही चांदीच्या संयुगांचे सूक्ष्म स्फटिक असतात. पुढे निकोलस बोरेली व सहकाऱ्यांनी अवरक्त प्रकाशासाठी या काचेची निर्मितिप्रक्रिया विकसित केली. कॉर्निंगची अशी काच ‘पोलारकोर’ या नावाने विकली जाते.

कार्यतत्त्व

चांदीमध्ये मुक्त इलेक्ट्रॉन असतात. सूक्ष्म कणावर प्रकाश पडला की त्याच्या विद्युत् क्षेत्रामुळे हे इलेक्ट्रॉन सामूहिकपणे मागेपुढे आंदोलन करतात. कणाच्या स्वाभाविक कंप्रतेशी प्रकाशाची कंप्रता जुळल्यास शोषण तीव्र होते. काचेतील चांदीच्या गोल कणांच्या बाबतीत हे शोषण सुमारे ४०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे जांभळ्या प्रकाशात होते. त्यामुळेच चांदीचे गोल कण असलेली काच पिवळी दिसते.

कण लांबट झाला की त्याचे वर्तन दोन दिशांना वेगवेगळे होते. लांबीच्या दिशेने इलेक्ट्रॉनांना मागे खेचणारे बल कमी होते, म्हणून त्या दिशेचे शोषण अधिक तरंगलांबीकडे सरकते. रुंदीच्या दिशेचे शोषण मात्र जांभळ्या भागाजवळच राहते. शोषणाचे स्थान मुख्यतः कणाची लांबी व रुंदी यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. हे गुणोत्तर पुरेसे वाढवले की लांबीच्या दिशेचे शोषण लाल रंग ओलांडून अवरक्त भागात पोहोचते. अवरक्त ध्रुवक काच तयार करणे म्हणजे मूलतः हे गुणोत्तर साधणे व ते टिकवणे होय.

निर्मिती

चांदी हा धातू सुमारे ९६२ अंश सेल्सिअस तापमानाला वितळतो. काच मऊ होते त्या तापमानाला चांदीचे कण घनच असतात आणि त्यांना ताणून बरेच लांब करणे कठीण असते. याउलट सिल्व्हर क्लोराइड ४५५ अंशांना आणि सिल्व्हर ब्रोमाइड ४३२ अंशांना वितळते. म्हणून या संयुगांचे कण आधी ताणले जातात आणि नंतर त्यांचे चांदीत रूपांतर केले जाते. प्रक्रियेचे चार मुख्य टप्पे आहेत.

१. काच वितळवणे : सिलिका, बोरॉन ऑक्साइड व ॲल्युमिना यांच्या मिश्रणात अल्प प्रमाणात चांदी, क्लोरीन व ब्रोमीन यांची संयुगे घालून काच वितळवतात. या वेळी चांदी आयनांच्या रूपात काचेत विरघळलेली राहणे आवश्यक असते. ती धातुरूपात वेगळी झाल्यास काचेत ठिपके पडून प्रकाश विखुरतो.

२. कणांची वाढ : थंड झालेली काच पुन्हा सुमारे ६०० ते ७५० अंशांपर्यंत तापवतात. त्यामुळे सिल्व्हर हॅलाइडचे गोल कण काचेत सर्वत्र तयार होतात. तापमान आणि वेळ यांवरून कणांचा आकार ठरतो. कण फार लहान राहिले तर पुढे ताणले जात नाहीत आणि फार मोठे झाले तर प्रकाश विखुरतात. अवरक्त प्रकाशाची तरंगलांबी अधिक असल्यामुळे त्याचे विकिरण कमी होते. त्यामुळे दृश्य प्रकाशाच्या तुलनेत येथे काहीसे मोठे कण चालतात.

३. ताणणे : काचेची जाड पट्टी भट्टीत मऊ करून मोठ्या बलाने ओढतात. पट्टी लांब व पातळ होत जाते आणि तिच्या आतील हॅलाइडचे द्रवरूप थेंबही त्याच दिशेने लांबट होतात. प्रक्रियेतील सर्वांत नाजूक टप्पा हाच आहे. काचेचा ताण थेंबाला लांबवतो, तर पृष्ठताण त्याला पुन्हा गोल करू पाहतो. थेंब जितका लहान तितका पृष्ठताणाचा प्रभाव अधिक असतो. काच जास्त तापवली तर ती सहज ओढली जाते. परंतु तिची श्यानता कमी झाल्यामुळे थेंबांवर पुरेसा ताण पडत नाही. नळाची बारीक धार खाली जाताना थेंबांत तुटते, तसे लांबट झालेले कणही अशा वेळी तुटू शकतात. काच कमी तापवली तर ती ओढतानाच भंगण्याचा धोका असतो. म्हणून श्यानता साधारणतः दहा कोटी पॉइजपेक्षा अधिक राहील इतकेच तापमान ठेवतात आणि प्रति चौरस इंच हजारो पाउंड इतका ताण देतात. ओढलेली पट्टी लगेच थंड केली जाते. घट्ट झालेली काच लांबट कणांना त्यांच्या जागी धरून ठेवते.

४. क्षपण : सिल्व्हर हॅलाइड विद्युत्‌वाहक धातू नसल्याने या अवस्थेतील काच अवरक्त प्रकाशाचे ध्रुवण करत नाही. ताणलेली काच हायड्रोजन वायूत, सामान्यतः ४०० ते ४५० अंशांच्या दरम्यान, काही तास ठेवतात. हायड्रोजन पृष्ठभागातून आत झिरपतो आणि हॅलाइडचे चांदीत क्षपण करतो. येथेही तापमानाची मर्यादा कडक असते. तापमान कमी असल्यास क्रिया फार मंदावते आणि अधिक असल्यास काच सैल होऊन कण पुन्हा गोल होऊ लागतात. क्षपण झालेल्या थराची खोली वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दुप्पट खोलीसाठी चौपट वेळ लागतो. त्यामुळे पट्टीच्या दोन्ही पृष्ठभागांलगतचे काही दशक मायक्रोमीटर जाडीचे थरच ध्रुवणाचे काम करतात. मधल्या भागात मूळ हॅलाइड तसेच राहते.

क्षपणात कणाचे आकारमान घटते. सिल्व्हर क्लोराइडपासून मिळणारी चांदी मूळ कणाच्या सुमारे ४० टक्के जागाच व्यापते आणि उरलेली जागा पोकळ राहते. म्हणून चांदीच्या कणाचे अंतिम गुणोत्तर हे ताणलेल्या थेंबाच्या गुणोत्तराइतकेच असेल असे नाही.

शेवटी पट्टीला झिलई करून तिच्यावर परावर्तनरोधी लेप देतात आणि तिचे लहान चौकोनी तुकडे कापतात. कापताना कडा आणि ध्रुवणाची दिशा यांतील कोन काटेकोरपणे राखावा लागतो.

इतर पद्धती

दुसऱ्या एका पद्धतीत सोडा-चुना काचेतील सोडियम आयनांच्या जागी चांदीचे आयन आणतात. त्यांच्यापासून काचेत चांदीचे कण तयार करून मग काच ताणतात. या प्रकारची काच जर्मनीत तयार होते. जपानमधील होया कंपनीने चांदीऐवजी तांब्याचे कण असलेली अवरक्त ध्रुवक काच बनवली आहे.

गुणवत्तेचे मापन

ध्रुवकाची गुणवत्ता मुख्यतः दोन गोष्टींवरून ठरते : इष्ट दिशेचा प्रकाश किती पलीकडे जातो आणि अनिष्ट दिशेचा किती अडवला जातो. या दोन्ही दिशांना पलीकडे जाणाऱ्या प्रकाशाच्या गुणोत्तरास विरोधगुणोत्तर म्हणता येईल. चांगल्या काचेत ते १०,००० : १ किंवा त्याहून अधिक, म्हणजे ४० डेसिबल वा अधिक असते. क्षपणाचा थर उथळ राहिल्यास किंवा कणांची दिशा विस्कटल्यास हे गुणोत्तर घसरते.

उपयोग

या काचेचा सर्वांत महत्त्वाचा उपयोग प्रकाश विलगकात होतो. लेसरमधून निघालेला प्रकाश प्रकाशतंतूच्या टोकावरून किंवा जोडावरून परावर्तित होऊन मागे आला, तर लेसरचे कार्य अस्थिर होते आणि संदेशात गोंगाट मिसळतो. विलगकात दोन ध्रुवक काचांच्या मध्ये चुंबकीय क्षेत्रात ठेवलेला गार्नेट स्फटिक असतो. फॅराडे परिणामामुळे हा स्फटिक ध्रुवणाची दिशा ४५ अंशांनी फिरवतो आणि दुसरा ध्रुवक त्याच कोनात बसवलेला असल्याने प्रकाश पुढे जातो. परतणाऱ्या प्रकाशाची दिशा मात्र उलट न फिरता त्याच बाजूला आणखी ४५ अंशांनी फिरते. तो पहिल्या ध्रुवकापाशी ९० अंशांच्या कोनात पोहोचतो आणि शोषला जातो.

लोलकाच्या तुलनेत ही काच अतिशय पातळ असते. तिची जाडी बहुधा अर्धा मिलीमीटर किंवा त्याहून कमी असते. त्यामुळे विलगक लेसरच्या छोट्या आवरणातच बसवता येतो. याशिवाय प्रकाशीय मापन उपकरणे व संवेदक यांतही ही काच वापरली जाते.

मर्यादा

प्रत्येक काच ठरावीक तरंगलांबीच्या पट्ट्यासाठीच बनवलेली असते. १५५० नॅनोमीटरसाठी तयार केलेली काच दृश्य प्रकाशासाठी उपयोगी पडत नाही. सिलिकायुक्त काच सुमारे ३ मायक्रोमीटरपलीकडील प्रकाश स्वतःच मोठ्या प्रमाणात शोषू लागते. म्हणून त्यापुढील अवरक्त भागासाठी धातूच्या तारांच्या सूक्ष्म जाळ्या वापरतात. ही काच नको असलेला प्रकाश बाजूला न वळवता शोषून घेते. परिणामी अतिप्रखर लेसर किरणांनी ती तापते, चांदीचे कण पुन्हा गोल होऊ लागतात आणि तिचा ध्रुवणाचा गुण कायमचा नष्ट होतो.